बॉनेटवरचा पोचा

"ताई, माझ्याकडून कुणाला तरी लागलंय," बाबा एवढंच म्हणाले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

लेकीला ताई म्हणायची त्यांची सवय जुनी. धाकट्या भावाने हाक मारायला सुरुवात केली, मग आईने, मग त्यांनी, आणि आता तिच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा तेच म्हणतं.

"कुणाला लागलंय?"

"ते आठवत नाही."

"कुठे?"

"तेही नाही."

"मग कशावरून म्हणताय?"

बाबांनी टॉवेलने एकेक बोट सावकाश पुसलं. "बॉनेट आत गेलंय. खाली जाऊन बघ."

ती खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आली. बॉनेटच्या पुढच्या भागात ताटाएवढा पोचा होता. रक्त नव्हतं, कापडाचा धागा नव्हता, काही नव्हतं. तरी तिने ओल्या फडक्याने आजूबाजूचं पुसलं आणि पुसून झाल्यावर तिला वाटलं, हे आपण का केलं.

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या नेहमीच्या रस्त्याने चालत गेली. बँक, औषधाचं दुकान, बाग, परत. रस्ता रोजच्यासारखा होता. तिने दोन हॉस्पिटलांत फोन केला. "काल कुणी गाडी लागलेलं माणूस आलंय का?" पलीकडची बाई म्हणाली, "अहो, रोजच येतात. तुमचं कुठलं?" आपलं कुठलं ते ताईला सांगता येईना. तिने फोन ठेवला.

तेव्हापासून चार महिने झाले. बाबांनी गाडीला हात लावला नाही, त्या विषयावर तोंड उघडलं नाही. ताईला गाडी चालवता येत नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांना म्हणायची, "वरून तिसरी ओळ वाचा. आता डावा डोळा झाका." लोक वाचायचे, ती काच बदलायची. पहिले पंधरा दिवस ती पेपरातल्या अपघाताच्या बातम्या शोधून वाचायची. पुढे तेही सुटलं. उरलं ते नुसतं काम. डबा भरायचा, बस पकडायची, घरी यायचं. बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीची पँट-शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. "कुठे निघालात का?" "नाही, इथेच आहे." निदान नीटनेटके राहतात, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

नीटनेटकेपणा त्यांचा धंदाच होता. चौतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचली. खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, रजिस्टर आणि काठीला बांधलेला छोटा आरसा, उंचावरच्या मीटरसाठी. लोक दारातच अडवायचे. "अहो, महिनाभर आम्ही गावाला होतो, घर बंद, मग एवढं रीडिंग कसं?" बाबा शांतपणे म्हणायचे, "तुम्ही नव्हता, मीटर होतं." कुणी चहा पुढे केला, तरी आकडा तोच. कुणी कुत्रं सोडलं, तरी आकडा तोच. एका बाईने चिडून विचारलं होतं, "तुमचा माणसावर विश्वासच नाही का हो?" ते म्हणाले होते, "आहे की. पण माणसाला आठवत नाही, मीटरला आठवतं." इमारतीत आजही त्यांना मीटरकाका म्हणतात.

गाडी धाकट्याने घेऊन दिली होती, तीन वर्षांच्या लीजवर. बाबांनी पहिल्याच दिवशी कराराचं पुस्तक चष्मा लावून संपवलं आणि जाहीर केलं, "ही आपली नाही. परत द्यायची आहे. कुणी आत बिस्किट खायचं नाही." ओरखडा किती लांबीपर्यंत झिजेत धरतात आणि कितीपासून भरपाई लावतात, हे त्यांना पाठ होतं. वर्षाला ठरल्यापेक्षा जास्त किलोमीटर होऊ नयेत म्हणून ते वहीत निघतानाचा आकडा लिहायचे, आल्यावरचा लिहायचे. नातवंडं मागे बसली की आरशातून त्यांच्या चपलांवर नजर. धाकटा चेष्टा करायचा, "बाबा, गाडीला देव्हाऱ्यात ठेवू या का?"

आता करार संपत आला होता. सोमवारी कंपनीचा तपासनीस यायचा होता. धाकट्याचा फोन ताईला दुकानातच आला.

"ऐक. ती माणसं नखाएवढ्या ओरखड्याचीही भरपाई लावतात. मी एक जण पाठवतोय, शनिवारी सकाळी येईल. रंगाला धक्का न लावता पोचे काढतो. तो पोचा काढून घे."

"काढला की मग काय राहिलं?"

"काही राहायला नकोय, म्हणून तर काढायचा."

"उद्या कुणी विचारत आलं तर? काय दाखवायचं?"

"चार महिन्यांत आलं का कुणी?"

"नाही."

"मग? नको ते उकरत बसू नकोस. तुझा आवाज असा का येतोय? झोपेत आहेस का?"

"नाही. दुकानात आहे."

फोन ठेवून तिने समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "उजवा डोळा झाका." पण डोक्यात एकच होतं. बाबांनी खरंच कुणाला उडवलं असेल, तर तो पोचा ही त्या माणसाची एकमेव खूण. ती आपण सपाट करून घ्यायची, तर बाबांच्या जोडीला आपणही त्यात आलो. आणि ठेवायची, तर कुणासाठी? शनिवार उजाडला तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

पोचेवाला पन्नाशीचा, काटकुळा माणूस होता. हातात पत्र्याची पेटी, पेटीत लांबच लांब वाकड्या सळ्या.

"गाडी उजेडात घ्या की, ताई."

"मला येत नाही. आणि चार महिने बंद आहे."

"म्हणजे बॅटरी गेली असणार. राहू द्या, माझा दिवा आहे."

त्याने पट्ट्यापट्ट्यांचा दिवा बॉनेटसमोर उभा केला. चांगल्या पत्र्यावर दिव्याच्या रेघा सरळ उमटल्या. पोच्यावर येताच वाकून गोल फिरल्या. तो वाकून बघत राहिला. खालून बघितलं, बाजूने बघितलं. मग उकिडवा बसून बंपरवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी."

"वजन किती असेल त्यांचं? पंचाहत्तर? ऐंशी?"

"वजनाचं काय?"

"कारण हा ठोका नाहीये, ताई. चालत्या गाडीला काही आपटलं की पत्रा दचकतो. कडा वर येतात, घडी पडते. आणि आधी लागतो तो बंपर. बघा, बंपर कोरा करकरीत आहे. हे वरून आलंय, हळू आलंय, आणि बराच वेळ राहिलंय. हे बसणं आहे."

"म्हणजे?"

"माणूस बसलाय इथे. हल्ली फोटोसाठी पोरंपोरी बॉनेटवर बसतात ना, त्यांच्यावर माझं घर चालतं. मला बसणं कळतं. या दोन रेघा दिसतात? मागच्या खिशांची बटणं. बाबांच्या पँटला असतात का?"

त्या पँटींना इस्त्री ताईच करायची. बटणाभोवती इस्त्री वळवताना दर वेळी तिचा हात थांबायचा.

"असतात," ती म्हणाली. "पण समजा, माणूस उडून वर पडला. तर?"

"उडायला आधी पायाला बंपर लागावा लागतो." तो बोलता बोलता थांबला. तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"तेच."

"चार महिने?"

"हो."

"अहो, मग आधी नाही का बोलवायचं कुणाला." तो पुटपुटला आणि उगाचच सळ्या पुसू लागला.

आता आपल्याला हलकं वाटेल, म्हणून ताई वाट बघत उभी राहिली. काही वाटलं नाही. दात बधिर केल्यावर ओठाला हात लावावा, तसं.

"खात्री कशी करायची?" तिने विचारलं.

"किलोमीटर लिहीत असतील तर बघा. मी बॅटरीला जोड देतो."

त्याने आपल्या गाडीतून तारा आणून जोडल्या. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर किलोमीटरचे आकडे पेटले. ताईने गाडीच्या कप्प्यातली बाबांची वही उघडली. शेवटच्या ओळीत त्या दिवसाची तारीख होती. 'निघताना' खाली आकडा: २१,३४८. 'आल्यावर' खाली कोरं. पडद्यावरही २१,३४८ होतं.

पोचेवाल्याने तिच्या खांद्यावरून वाकून दोन्हीकडे बघितलं. "गाडी जागची हललीच नाही हो, ताई."

ती वर गेली. बाबा खुर्चीत होते, दाढी करून, पॉलिश केलेले बूट घालून.

"बाबा, खाली चला."

ते लगेच उठले. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "आले का?"

"कोण?"

"पोलीस."

ताईला तेव्हा कळलं, की रोज सकाळी हा माणूस तयार होऊन कुणाची वाट बघत होता. "नाही," ती म्हणाली. "पोचे काढणारा आलाय."

"हो का. मला वाटलं, आले."

खाली पोचेवाल्याने त्यांना नमस्कार केला. "काका, जरा इथे बसा बघू. नेहमी बसता तसे."

"परत द्यायची गाडी आहे."

"माझ्या जबाबदारीवर बसा. बिघडलं तर मीच काढणार आहे, दुसरं कोण."

बाबा ताईकडे बघत मागे सरकले आणि बॉनेटवर टेकले. पत्र्याने आवाजसुद्धा केला नाही. रोजच्या खुर्चीत बसावं तसे ते त्या पोच्यात बसले. पोचेवाल्याने खाली वाकून हातातल्या बॅटरीच्या उजेडात बटणं बघितली. "जुळलं," तो म्हणाला, आणि पेटीत काही तरी शोधायला पाठ करून उभा राहिला.

 शेजारच्या खांबावरच्या पाइपातून पाणी जाण्याचा आवाज येत होता.

"बसलो होतो," बाबा म्हणाले.

"कधी?"

"वही लिहिली. किल्ली लावायला गेलो, तर कुठे जायचंय ते आठवेना. म्हटलं, आठवेपर्यंत बसू. बाहेर येऊन बसलो इथे."

"मग?"

"मग उठलो. वळून बघितलं तर पत्रा आत. म्हटलं, हे कधी झालं? कुणाला तरी लागलं असणार."

"पण बसलेलं आठवत होतं ना तुम्हाला?"

"तेव्हा नाही." ते थांबले. "पत्रा आत होता, ताई."

एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, आणि स्वतःला वेगळा न्याय लावला नव्हता.

"कुणाला लागलेलं नाही, बाबा. वही बघा आणि तो आकडा बघा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. वहीवर बोट ठेवून वाचलं, पडद्यावर वाचलं, पुन्हा वहीवर. "बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचा हात वहीवरच राहिला. "म्हणजे कुणीच नव्हतं."

"नव्हतं."

"मी मनात एक म्हातारी धरली होती," ते म्हणाले. "हातात पिशवी असलेली. ती नव्हतीच तर."

 ताईने त्यांच्या दंडाला धरून त्यांना उतरवलं. मग पोचेवाल्याला म्हणाली, "काढा."

तो दोन तास काम करत होता. बॉनेट उघडून सळी आतून घालायची, टोकाने किंचित दाबायचं, दिव्यात बघायचं. बाबा स्टुलावर बसून रेघांकडे बघत होते. एकेक रेघ सरळ होत गेली. मधेच ते म्हणाले, "उजवीकडची अजून वाकडी आहे." पोचेवाला म्हणाला, "काका, निवृत्त झाला असाल तर माझ्याकडे या कामाला." बटणाच्या रेघा त्याने पॉलिशने घालवल्या आणि निघण्याआधी गाडी चालू ठेवून बॅटरीही भरून दिली.

सोमवारी तपासनीस आला. तरुण, घाईत, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि एक छोटी पट्टी. गाडीभोवती फिरून त्याने चारही दारांना पट्टी लावून बघितली, टायरची नक्षी मोजली, दुसरी किल्ली मागितली. बॉनेटपाशी तो थोडा जास्त थांबला, डोकं तिरपं करून.

"काका, कुठे धडकली-बिकली नव्हती ना कधी?"

ताईने बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा साफ केला.

"नाही. मी फक्त एकदा बसलो होतो."

तपासनीसाने पुन्हा बॉनेटकडे बघितलं, हात फिरवला. "बसलेलं काही दिसत नाही," तो म्हणाला आणि टॅब सहीसाठी ताईपुढे धरला. बॉनेट: नुकसान नाही. मागच्या दारावर एक ओरखडा: झिजेत धरला. भरपाई: काही नाही. तिने बोटाने सही केली. तो गाडीत बसला, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गेला.

बाबा जिना चढत होते तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"झालं? काही लावलं का त्यांनी?"

"नाही."

"बघ, मी म्हणत नव्हतो? काढून टाकला की विषय संपला."

"तो ठोका नव्हता. बाबा बसले होते बॉनेटवर. गाडी निघालीच नव्हती."

धाकटा हसला. मोकळं, मोठ्याने हसला. "म्हणजे चार महिने तुम्ही दोघं उगाच... ताई, काय हे."

"का बसले होते, विचार."

"का?"

"कुठे जायचं ते आठवेना म्हणून."

पलीकडे हसणं थांबलं. तिने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. वरच्या मजल्यावर बाबा थांबले होते. आपल्या दाराकडे जायचं की अजून एक जिना चढायचा, हे ठरवत. तिने मान वर करून खूण केली, तेच दार. ते आत गेले.

"डॉक्टरला दाखवलं पाहिजे," धाकटा म्हणाला.

"वेळ घेतली आहे. गुरुवारची."

"बरं. मी बघतो, जमलं तर..."

"बघू नकोस. ये."

चार महिन्यांत ती कुणाशी इतकं ठाम बोलली नव्हती. तिचं तिलाच ते जरा दुरून ऐकू आलं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.