कापलेले तुकडे

कामरगावात लग्नाचं शूटिंग म्हटलं की प्रेमसिंगच. चौदा वर्षांची लग्नं त्याने एकाच एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसवली. आता ते बनवणारी कंपनी विकली गेली म्हणे. सॉफ्टवेअर राहणार की बंद पडणार, कोणी धड सांगेल तर शपथ! धास्तीने त्याने कॉम्प्युटरचं इंटरनेटच काढून टाकलं. न जाणो, अपडेटच्या नावाखाली आहे तेही जायचं.

परवा कस्तुराबाई आल्या. त्यांचे पंजाबराव महिन्यापूर्वी वारले होते.

"पुतनीच्या लग्नात वाढून राह्यले व्हते हे. तुह्या व्हिडिओत काहून दिसत नाई रे?"

प्रेमसिंग खजील झाला. पंगत लांबते म्हणून तो भाग त्यानेच उडवला होता. पण या सॉफ्टवेअरमध्ये कापलेलंही जपलेलं राहतं. त्याने ते जुनं लग्न उघडलं. पंजाबराव बुंदीची बादली घेऊन, नको नको म्हणणाऱ्यांच्या पानात हसत हसत वाढत होते.

कस्तुराबाईंनी तीनदा पाहिलं. मग पदराने डोळे पुसत विचारलं, "हे बंद पडनार हाय म्हन्तेत?"

"काय मालूम, काकू."

"पडू देऊ नको बाप्पा. माहाबी एखादा कापलेला तुकडा असंन याच्यात."