जामाची रांग

गेल्या फेब्रुवारीत तोंड आले म्हणून शेजारच्या मावशींनी आमच्या सामाईक बागेतल्या जामाची दोन पाने चावली आणि ही पाने जामाची नाहीत, असे सांगितले.

नांदेडात पेरूला जाम म्हणतात. तोंड आले की त्याचे कोवळे पान चावायचे, हा इथला घरगुती उपाय. पान तुरट लागते. मावशींना ते तुरट लागले नाही.

वसाहतीच्या मोकळ्या जागेवर बाग लावली, त्याला तेव्हा तिसरे वर्ष होते. आंब्याची कलमे कोकणातल्या एका रोपवाटिकेतून मागवली होती. कुंपणालगतच्या रांगेत वसाहतीच्या अध्यक्षांना लिंबू हवे होते, मावशींना जाम. मावशींनी हट्ट धरला, म्हणून आंब्याच्याच गाडीतून जामाची बारा रोपे आली. रांगेच्या टोकाला 'जाम' अशी पाटी लागली. उन्हाळ्यात बोअर आटते तेव्हा मावशी घरची भांडी विसळलेले पाणी बादलीने आणून या रांगेला घालत. असे दोन उन्हाळे गेले. पाने पेरूपेक्षा मोठी आणि चकचकीत होती. सुधारित जात असेल, असे सगळ्यांनी धरले होते. मीही.

"मावशी, आता पान चावून झाड ओळखून राहिलात का?" अध्यक्षांनी विचारले.

"मग काय, तुमच्यावानी पाटी वाचून ओळखू?"

अध्यक्ष निवृत्त अभियंता, मूळचे लातूरचे. त्यांनी एक पान स्वतः चावले आणि थुंकले. रांग काढून लिंबू लावायचे का, हे रविवारच्या बैठकीत ठरवू, असे त्यांनी जाहीर केले. उन्हाळा लागला नव्हता, तरी संध्याकाळी मावशींनी बादली आणली.

मी वर्तमानपत्रात बातमीदार; रोपे कुणी बदलली, हे मला शोधून काढायचे होते. मी फोनमधला रोपांच्या मागणीचा जुना संदेश शोधला. तो मीच पाठवला होता: 'जाम, बारा रोपे.' रोपवाटिकेच्या मालकाला फोन केला.

"जाम मागितलेत, जामच पाठवले," तो म्हणाला.

"हे पेरू नाहीत."

"पेरू कुठे लिहिलंय तुम्ही? पांढरा जाम आहे तो. घंटीसारखं फळ येतं, पाणीदार. मे महिन्यात बघा." मग म्हणाला, "पाणी मात्र भरपूर लागतं हो त्याला."

नाक्यावरची फळवाली देगलूरकडची, घरी तेलुगू बोलणारी. तिला विचारले. "आमच्यात जामपंडू म्हणतात," तिने गाड्यावरचा पेरू उचलून दाखवला. "तुमचा जाम तो हाच की." घंटीसारखे फळ तिने पाहिले नव्हते. हैदराबादहून आलेल्या पाहुण्यांनीही पेरूलाच जाम म्हटले. हा शब्द इथून कोकणात जाईपर्यंत कुठे बदलतो, ते मला अजून सापडलेले नाही.

रविवारी मी तो संदेश वाचून दाखवला आणि चूक माझी असल्याचे सांगितले.

"म्हंजे पेपरवाल्यालाच लिवता आलं न्हाई," मावशी म्हणाल्या. लोक हसले.

अध्यक्षांनी मुद्दा सोडला नाही. "चूक कुणाची का असेना, झाडं पाणी पिणारी आहेत. बोअरला तेवढं पाणी नाही."

"दोन उन्हाळे जगवली मी. नाव चुकलं म्हणून काढता का?"

"नाव नाही मावशी, पाणी. मी लातूरचा आहे. पाण्याचं मला सांगू नका."

"मग तुमच्या बोअरचं नका देऊ. माझी बादली हाय."

ठराव तसाच झाला. रांगेला बोअरचे पाणी बंद. पावसाळ्यापर्यंत जी झाडे तगतील ती राहतील, जी वाळतील तिथे लिंबू. एप्रिलपासून तिसऱ्या गल्लीतल्या आणखी दोन घरांतून विसळलेले पाणी येऊ लागले. मावशींनी ते मागितले नव्हते, असे दोन्ही घरांनी मला सांगितले. तरी मेच्या मध्यापर्यंत पाच झाडे वाळली.

उरलेल्यांपैकी तीन झाडांना फळे लागली. पांढरट हिरवी, मेणाच्या घंटीसारखी. मावशींनी पहिले फळ धुऊन अध्यक्षांच्या हातावर ठेवले. त्यांनी निम्मे खाल्ले.

"हे नुसतं पाणीच आहे."

"हाव. माझंच हाय ते."

अध्यक्षांनी उरलेले निम्मे खाल्ले आणि दुसरे मागितले.

जूनच्या बैठकीत दोन ठराव झाले. वाळलेल्या पाच झाडांच्या जागी लिंबू लावावे, सूचक मावशी. उरलेल्या सात झाडांना बोअरचे पाणी पुन्हा सुरू करावे, सूचक अध्यक्ष. इतिवृत्तात झाडांचे नाव 'जाम' असेच लिहिले आहे.