अळीसकट पेरू दाखवणारे मायाप्पातात्या

मायाप्पातात्यांची आणि माझी ओळख बारामतीच्या एसटी स्टँडवर झाली. कळंबच्या गाडीची वाट पाहत मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावरून त्यांनी विचारलं, "ह्यातनं पुण्यातल्या बाईला माझा पेरू दिसंल का?"

"दिसेल की."

"आन् पेरवातली अळी?"

"अळी कशाला दाखवायची, तात्या?"

"घरी कापल्यावर दिसणारच हाय. मग आधी आपुनच दाखवल्याली बरी."

त्याच आठवड्यात मी त्यांना व्हॉट्सअॅपचा गट काढून दिला. आज तात्या पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि त्या गटावर पुण्या-बारामतीची कितीतरी कुटुंबं आहेत. तात्यांचे वडील मेंढरं राखत. तात्यांनी विहीर पाडून बाग उभी केली आणि साठी उलटून गेल्यावर ते मोबाइल शिकले. त्यांच्या व्हिडिओत निम्मं आभाळच असतं. मागून त्यांच्या पत्नीचा, आमच्या काकींचा, आवाज येतो, "फोन खाली धरा, पेरू दिसंना!" तोही गिऱ्हाइकांना आता हवाहवासा वाटतो.

तात्या लिहीत नाहीत, बोलून उत्तर पाठवतात; पण प्रत्येकाला पाठवतात. मधुमेह असलेल्या सासूबाईंना पेरू चालेल का, असं एका ताईंनी विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले, "ते डॉक्टरला इचारा. मी झाडाचं सांगतो." ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणणारा विक्रेता मी दुसरा पाहिलेला नाही.

एका हंगामात गारांनी पेरूवर काळे डाग पडले. मागणी येईना. मी तात्यांना न विचारता आदल्या वर्षीच्या गुळगुळीत पेरूंचा फोटो गटावर टाकला आणि भराभर मागण्या आल्या. सकाळी पेट्या भरताना एका ताईंचा "किती सुंदर फळ!" हा निरोप मी वाचून दाखवला. तात्यांचा हात थांबला. फोटो बघून ते एवढंच म्हणाले, "ह्यो औंदाचा पेरू न्हाय."

लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी डाळिंबाची बाग लावली होती आणि तिचा पहिला माल आता त्याच गटावर जायचा होता. ही लबाडी माझी आहे हे कळलं असतं, तर माझ्या डाळिंबाकडे कुणी पाहिलं नसतं.

तात्यांनी मला फोन धरायला लावला. "रामराम मंडळी. फोटो मागल्या सालचा हाय. मीच टाकाय लावला, चूक माझी. औंदाचा पेरू असा हाय." डागी पेरू कापून त्यांनी दाखवला. "आतनं गोड हाय. नगं आसंल त्यांनी नगं म्हना."

काहींनी मागणी मागं घेतली. एका गृहस्थांनी लिहिलं, "या वयात ही लबाडी शोभत नाही." ते ऐकून तात्या म्हणाले, "बराबर लिवलंय." मी खरं सांगतो म्हणालो, तर त्यांनी गप्प बसवलं. पुढच्या महिन्यात माझी डाळिंबं त्यांच्या शब्दावर गेली, आणि आजही जातात.

मी इतकी वर्षं गप्प राहिलो, याची मला लाज वाटते. तात्यांच्या या गौरवग्रंथात तरी खरं असावं, म्हणून त्यांची आज्ञा मोडतो. तो फोटो मी तात्यांना न विचारता टाकला होता. तात्या गिऱ्हाइकांशी एकदाच खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी.

तात्यांना आणि काकींना निरोगी शंभरी लाभो, त्यांची बाग अशीच फळत राहो. आणि त्या गृहस्थांच्या वाचनात हे आलं, तर माझी हात जोडून विनंती आहे, तो लबाड मी; तात्यांची तेवढी माफी मागा.