पोर्ट टेन, आबा!

जहाजाच्या सुकाणूवर उभं राहायची पहिली संधी मी अर्ध्या तासात घालवली. ऑफिसर म्हणाला, "पोर्ट टेन." मी चाक डावीकडे दहा अंशांवर नेलं, अगदी बरोबर, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. नियम असा, की हुकूम जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं आणि फिरलं की तसं कळवायचं. आमच्या डाळज गावात वडीलधाऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडावर म्हणणं म्हणजे वेडावणं, आणि त्यासाठी मी लहानपणी गाल लाल करून घेतलेला. जीभ रेटेचना. ऑफिसरने मला खाली उतरवलं. सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा. तीही गेली असती, तर मी जन्मभर डेकच घासला असता.

सुट्टीत घरी आलो आणि ऊस तुटलेल्या रानात ट्रॅक्टर काढला. आबांना, म्हणजे वडिलांना, मडगार्डवर बसवलं आणि हातात चिठ्ठी दिली. पोर्ट म्हणजे डावं, स्टारबोर्ड म्हणजे उजवं, मिडशिप्स म्हणजे चाक मधोमध. स्टेडी म्हणजे आत्ता नाक जिकडं आहे, तिकडंच धरायचं.

"पोर्ट टेन," आबा म्हणाले.

"पोर्ट टेन!" मी ओरडलो.

आबा चालत्या ट्रॅक्टरवरून उतरायला निघाले. "माझंच मला ऐकवतो व्हय रं?"

मीही त्यांचाच मुलगा. इंजिन बंद केलं आणि तडकलो, "वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात साहेबांनी डावं म्हटलं आन मला उजवं ऐकू आलं तर? जहाज खडकावर जाईल, आबा! आपलं बोलणं नीट पोचलं, हे त्यांना कळायला नको?"

आबा ढेकळावर बसले. तंबाखू मळून झाली तरी ती तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "कालव्यावरनं पाणी बंद कर म्हणून वरडावं, तर पलीकडचा नुसतं व्हय व्हय करतो. आन रान बुडून जातं. आदी सांगायचं की हे."

मग रोज सकाळी आमचं जहाज चालू. माझा आवाज मोकळा व्हायला चार दिवस लागले. एकदा बांधावरून शेजारचे तात्या म्हणाले, "आबा, पोरगं तुमाला वेडावतंय की!" आबा खेकसले, "कामात हाय आमी. तुमी चला म्होरं."

मी पास झालो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पुढच्या सुट्टीत पेढे घेऊन आलो, पण आबांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"म्हंजे आता सराव न्हाय?"

"कशाला? झालो की पास."

आबा रानाकडं वळले. "न्हाय, म्हटलं... माझं बोलणं असं शब्दाला शब्द आजवर कुणी ऐकलं न्हवतं."

मी ट्रॅक्टरची चावी आणायला घरात पळालो.