राणीची बाजू

समस्त मंडळींनी टोप्या सावरून ऐकावे, कारण विषय थेट राज्याच्या सुरक्षिततेचा आहे. उंब्रजला एक फोनो, म्हणजे ग्रामोफोन, दुरुस्त करणारा होता. पलटणीतून रजेवर आलेल्या शिपायानं दिलेली अमेरिकन बँडची तबकडी तो दिवसभर वाजवी. कुणी मधे बोललं की ओठांवर बोट ठेवी, “गड्या, बाजा रुसतो.”

चळवळीच्या दिवसांत मी त्याच्या दुकानात बसलो असताना एक भूमिगत गडी धापा टाकत आत आला आणि मागच्या परड्यात पळाला. पाठोपाठ फौजदार आणि दोन शिपाई.  दुकानदारानं त्याच तबकडीवर सुई ठेवली आणि कडक सलाम ठोकला.

“सायेब, विलायतच्या राजाची सलामी हाय!”

कर्णे-ढोल कडाडले. फौजदारानं टाचा जुळवल्या, शिपायांनीही. परड्याची भिंत उंच होती. गडी चढायचा आणि घसरायचा, ते मला मागच्या दारातून दिसत होतं.

तबकडी संपली तेव्हा तो अजून भिंतीला लोंबकळत होता. फौजदारानं पाऊल उचललं. दुकानदारानं झटक्यात तबकडी उलटी केली आणि ओरडला,

“आवं, हलताय कुटं? राजाची झाली, राणीची बाजू ऱ्हायलीया!”