करंगळीएवढी फट

ठोक्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तीस वर्षं सायलेन्सर दुरुस्तीच्या दुकानात हातोडा चालवला म्हणून बाजाराने ठेवलेलं नाव, आणि बाजाराने ठेवलेलं नाव खऱ्या नावाला गिळून ढेकरही देत नाही. त्याची बायकोसुद्धा रागावली की ठोक्याच म्हणायची, आणि ती वरचेवर रागवायची.

दुकान दोघा भावांचं. दादा सात वर्षांनी मोठा. दादा मोजायचा, हा ठोकायचा. दादा गाडीखाली पाठीवर सरकत जायचा, पिवळ्या मेणखडूने खूण करायचा आणि बाहेर येऊन हात पुसायचा. फुली म्हणजे कापायचं, गोल म्हणजे ठोकायचं. मग ठोक्या गॅसच्या ज्योतीने नळी लाल करायचा, गोलावर तीन ठोके द्यायचा आणि म्हणायचा, "बघ." नळी निवली की दादा ती आणि शेजारचा भाग यांच्यातल्या फटीत करंगळी घालायचा आणि म्हणायचा, "जातंय." एवढ्या दोन शब्दांवर त्यांचं दुकान चाललं. ठोका कधी कमीजास्त झाला असेल, पण दादाची खूण चुकली असं तीस वर्षांत घडलं नाही.

तो दादा तेवीस दिवसांपूर्वी सकाळी साडेदहाला, चौदाचा पाना शोधता शोधता, खाली बसला आणि उठला नाही.

माणसं आली, बसली, गेली. ठोक्याला रडू आलं नाही. येईल, येईल म्हणून त्याने वाट पाहिली. मग आठव्या दिवशी दुकान उघडलं. ताटात वाढलं की जेवायचा, दिवा गेला की झोपायचा. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं. चौदाचा पाना त्याला एका गिऱ्हाइकाच्या बॅटरीवर सापडला. त्याने तो नेहमीच्या खिळ्याला अडकवला आणि पुढच्या कामाला लागला.

बुधवारी वहिनीने बोलावलं. ती घर रिकामं करून मुलीकडे राहायला निघाली होती. भांडी खोक्यांत गेली होती, भिंतींवर फोटोंचे चौकोन तेवढे उरले होते. मागच्या शेडमध्ये मात्र गाडी होती. दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची ती जुनी गाडी दादाने अकरा वर्षांपूर्वी झाडाखाली सडताना पाहिली आणि घरी आणली. तेव्हापासून दर रविवार त्या गाडीच्या घशात गेला. वहिनी तिला सवत म्हणायची, आणि तरी तिच्यावर टाकायला स्वतःची जुनी चादर द्यायची.

"भाऊजी, शनिवारी अकराला भंगारवाला येतोय," ती म्हणाली.

"ओढून नेऊ की माझ्या दुकानामागे. जागा आहे."

"ओढायची नाही. या घरातनं एक जण चौघांनी उचलून नेला. आता दुसरं काही कुणी उचलून, ओढून न्यायचं नाही. स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडली तर ती तुमची. नाही पडली तर तुकडे करून जाऊ दे."

यात काही अर्थ नव्हता. पण वहिनीच्या आवाजातही तीच सुई टोचल्यासारखी बधिरता होती, आणि अशा माणसाशी वाद घालता येत नाही हे ठोक्याला स्वतःवरूनच ठाऊक होतं. तो "बरं" म्हणाला.

आता गाडी बाहेर का पडत नव्हती, ते सांगायला हवं. कारण दोघा भावांचं बिनसलं ते त्याच्यावरूनच. इंजिनाच्या दोन्ही अंगांना चार-चार नळ्या असतात. जळका धूर त्यांतून निघतो आणि खाली एका तोंडात मिळतो. त्या जुडग्याला हेडर म्हणतात. जुने सडले म्हणून दादाने नवे स्वतःच्या हाताने बनवले, पावणेदोन वर्षं घालवून. एकेक बाक असा गोंडस, की हात फिरवावा. पण स्टेअरिंगच्या अंगाची दुसरी नळी जिथून उतरत होती, तिथूनच स्टेअरिंगचा दांडाही उतरत होता. दोघांत कागद जाईल एवढीच फट. आणि शेडच्या तोंडाशी गाडीला करकचून उजवीकडे वळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"तीन ठोके," ठोक्या तेव्हा म्हणाला होता. "तीन ठोक्यांचं काम आहे."

"माझ्या नळीला हातोडा लावायचा नाही."

"मग घाल लोणचं तुझ्या गाडीचं!"

बस, एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आले, एका किटलीतला चहा प्याले, एका गाडीखाली काम केलं. आठ महिने रोज भेटले, जगातल्या सगळ्या गोष्टी बोलले. फक्त शेडचं नाव दादाने काढलं नाही आणि ठोक्याने विचारलं नाही. बोलवल्याशिवाय जायचं नाही, असं याने ठरवलेलं. मोठ्याने काय ठरवलं होतं, ते मोठ्यालाच माहीत.

गुरुवारी दुपारी ठोक्याने चादर काढली. इंजिन दादाने चालू करून ठेवलं होतं. दुसऱ्या झटक्याला धडधडलं, सायलेन्सर नसल्यामुळे शेडचे पत्रे थरथरले. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली, स्टेअरिंगचं चाक उजवीकडे घेतलं आणि हातभर पुढे गेल्यावर ते अडकलं. जोर लावला तर खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. त्याने इंजिन बंद केलं, ते निवल्यावर बॉनेट उघडून टॉर्चचा उजेड आत टाकला.

दुसऱ्या नळीवर पिवळा गोल होता.

तो किती वेळ बघत राहिला, त्यालाच कळलं नाही. मेणखडूचा गोल, नेहमीसारखा, शेवट थोडा सुरुवातीवर चढलेला. दादा कबूल झाला होता. कधी झाला, कुणास ठाऊक. दुकानात समोरासमोर बसून चहा पिताना हा गोल इथे होता की नव्हता, याचा हिशेब ठोक्या लावायला गेला आणि मध्येच सोडून दिला. काही तरी वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की हेडर काढायला बारा बोल्ट सोडावे लागतील.

शुक्रवारी सकाळी त्याने हेडर काढला, पकडीत धरला, ज्योत लावली. मेण आधी वितळलं, मग धुरकटलं, मग गेलं. पण जागा त्याच्या डोळ्यांत बसली होती. तीन ठोके. तोंडातून "बघ" निघून गेलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. नळी निवेपर्यंत तो पालथ्या डब्यावर बसून राहिला. मग हेडर चढवला, बोल्ट आवळले, फटीत स्वतःची करंगळी घातली. ती ऐसपैस गेली. गाडी सुरू केली, गिअर टाकला, चाक उजवीकडे घेतलं.

ते अडकलं.

दादाची खूण चुकली होती. ठोक्याला आधी ते पटेनाच. त्याने पुन्हा करंगळी घातली, पुन्हा गेली. पुन्हा गाडी चालवली, पुन्हा अडकली. उभी असताना करंगळी जाते आणि चालताना घासते, म्हणजे काय? आणि मग त्याला आठवलं. नवा असताना त्याने अशीच एक फट मोजली होती, तेव्हा दादाने टपली मारून सांगितलेलं: इंजिन झोपलेलं असताना माप घेऊ नये. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. जोर आला की ते एका अंगाने उचलतं, आणि त्याच्याबरोबर नळ्याही.

त्याने चाकांखाली ओंडके लावले आणि घरात हाक मारली.

"वहिनी, जरा येता? गाडीत बसायचंय."

वहिनी हात पुसत आली. अकरा वर्षांत ती गाडीत पहिल्यांदा बसत होती. दार कसं उघडतं तेही तिला माहीत नव्हतं.

"हिला क्लच नाही. डावा पाय ब्रेकवर, घट्ट. मी गिअर टाकतो. मी हात वर केला की उजव्याने रेस द्या. हात खाली, की सोडा."

तिने रेस दिली. अख्खं इंजिन स्टेअरिंगच्या अंगाने उचललं, आणि दुसरी नळी वर सरकून दांड्याला टेकली. ठोक्याने ठोकलं होतं तिथे नाही. दोन बोटं खाली. त्याने हात खाली केला. मग खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, तसं शेडमध्ये एकदम शांत झालं.

"दिसलं का?"

"दिसलं. दोन बोटांचा फरक आहे."

"यांची खूण चुकली?" वहिनीला दिराच्या बोलण्याचा राग आल्यासारखा झाला. "यांची?"

"चुकली नाही. इंजिन बंद ठेवून मोजलंय. दुसरं काय करणार? एकाने पायडल दाबायचं, एकाने इथे उभं राहून बघायचं. याला दोघं लागतात, वहिनी. एकट्याला हे माप घेताच येत नाही."

वहिनीने चाकावर दोन्ही हात ठेवले.

"मी तर घरातच होते," ती म्हणाली. "एकदा म्हटलंसुद्धा. रविवारी सारखे इथून तिथे, तिथून इथे पळत होते, पायडल दाबायचं आणि बघायला धावायचं. वेड्यासारखं. म्हटलं, अहो, मी बसते, मला सांगा काय दाबायचं. तर म्हणाले, राहू दे. तो येईल की."

ठोक्याने तिच्याकडे बघितलं नाही. बॉनेटची सळई नीट बसली आहे की नाही, ते त्याने दोनदा तपासलं.

"कधीची गोष्ट?"

"झाले चार-पाच महिने. नंतरही दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळेला तेच. येईल की."

त्याने बारा बोल्ट पुन्हा सोडले. दोन बोटं खाली त्याने स्वतः गोल काढला. मेणखडू दादाच्या हत्यारांच्या पेटीतच होता, अर्धा झिजलेला, दातांच्या खुणा असलेला. त्याचा गोल काही दादासारखा आला नाही. ज्योत, मेणाचा धूर, तीन ठोके. या वेळी "बघ" म्हणायचं त्याने दात आवळून टाळलं. पावणेदोन वर्षांच्या त्या देखण्या नळीला आता दोन खळगे होते, एक दादाच्या शब्दावरचा आणि एक त्याचा. दादाला बघवलं नसतं.

शनिवारी साडेदहाला हेडर चढला. भंगारवाला वेळेआधीच आला होता; दोर आणि कटर घेऊन त्याचा टेम्पो फाटकाबाहेरच्या गल्लीत उभा होता. ठोक्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि फटीकडे बघत उभा राहिला. करंगळी घालायला हात पुढे होईना. वहिनी शेजारी येऊन उभी राहिली. तिने बांगड्या मागे सारल्या, वाकली आणि आपली करंगळी नळी आणि दांड्याच्या मधे घातली. नवऱ्याला हे करताना तिने दुकानात डबा देता देता किती वेळा पाहिलं असेल.

"जातंय, भाऊजी."

तो "हं" म्हणाला. त्याने सळई काढून बॉनेट बंद केलं.

वहिनी पर्स मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली. लग्नाला निघाल्यासारखी ताठ. गाडी धडधडली, ओंडके काढले, गिअर पडला. शेडच्या तोंडाशी ठोक्याने चाक उजवीकडे घेतलं. ते अडकणार म्हणून त्याने दोन्ही खांदे आवळले होते, पाय रोवले होते, सगळा जोर हातांत आणला होता. आणि चाक लोण्यासारखं फिरलं. जोर लावायला समोर काही नव्हतंच. गाडी एका दमात वळली, फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या मधोमध आली, आणि तिथे ठोक्याने ब्रेक दाबला.

तो रडला. तेविसांचे सव्वीस दिवस झाले होते. चाकावर कपाळ टेकून, हुंदके देत, बावन्न वर्षांचा माणूस लहान भावासारखा रडला. इंजिन चालूच होतं, त्यामुळे बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. वहिनीला तेवढं गेलं. पर्सचं तोंड उघडत आणि मिटत ती समोर बघत होती, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी पर्सवर पडत होतं.

मागून भंगारवाल्याने हॉर्न दिला. थोड्या वेळाने आणखी एक.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "रस्ता अडवलाय आपण."