आधी इंजिन बोलतं

३ मार्च २००३, सोमवार. किंमत सात हजार आठशे पन्नास रुपये. एवढ्या मोलाची वस्तू उत्तरेश्वर गव्हाणेच्या तळहातावर होती, आणि ती ग्लुकोजच्या अर्ध्या बिस्किटाएवढी होती.

"श्वास जरा बेतानं घ्या," यज्ञेश्वर आगटे म्हणाले. "उडून गेली तर तिचा विमा काढलेला नाही."

आगटे विमा कंपनीतूनच निवृत्त झालेले. प्रभात रस्त्याला त्यांचा बंगला, आणि वरच्या मजल्यावर प्लायवूडच्या भल्यामोठ्या टेबलावर त्यांची छोटी आगगाडी. इंजिन वीतभर लांबीचं, पण डब्यांच्या खिडक्यांना काचासुद्धा होत्या. उत्तरेश्वर सहा वर्षं या घरी येत होता तो स्टॅबिलायझर दुरुस्त करायला. वरच्या मजल्यावर त्याला आज पहिल्यांदाच नेलं होतं.

त्या टेबलावर आजवर एकच बटण होतं. ते फिरवलं की रुळांत वीज जायची आणि रुळांवर असतील तेवढी इंजिनं एकदम सुटायची, शाळा सुटल्यासारखी. आगट्यांच्या मुलानं अमेरिकेहून पाठवलेला हा तुकडा इंजिनाच्या पोटात बसवला की त्या इंजिनाला स्वतःचा नंबर मिळे. मग वीज सगळ्या रुळांत कायम. पण हुकूम ज्या नंबराला दिला तेवढंच इंजिन हले. शिवाय तुकड्यातून खऱ्या इंजिनाचा आवाज येई.

"हा एका इंजिनाला पुरेल. माझी आणखी आठ आहेत," आगटे म्हणाले. "आमच्या या छंदातल्या मित्रमंडळींची मिळून तीसेक. दिवाळीच्या पाडव्याला सगळे इथे जमतात. हे तुम्हाला स्वस्तात जमेल का?"

"किती स्वस्तात?"

"खाली घरच्यांना आकडा कळला तरी ओरडणार नाहीत इतक्या."

"बाराशे," उत्तरेश्वर म्हणून गेला. आकडा त्यानं कुठल्याच हिशेबातून काढला नव्हता.

"ठीक. एक नमुना करा. पण आवाज खरा हवा. मिक्सरसारखा घुरघुराट मला नको. आता माझ्या कानाला त्यातलं काही कळत नाही. परीक्षक कोंडीराम. ते हो म्हणाले तर अडतीस इंजिनांचं काम तुमचं. नाही म्हणाले तर स्टॅबिलायझर आहेच."

कोंडीराम म्हणजे घोरपडीचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं डिझेल इंजिन हाकलेलं. दर रविवारी ते आगट्यांकडे चहाला येत आणि कप हातात धरून टेबलावरची गाडी चालवत.

धायरीला परतताना उत्तरेश्वरनं स्कूटर दोनदा चुकीच्या गल्लीत घातली. डोकं आधीच कामाला लागलं होतं. तसं ते अडीच वर्षं नुसतंच फिरत होतं, मालाशिवाय चालणाऱ्या गिरणीसारखं. उत्तरेश्वर मूळचा परांड्याकडचा. आयटीआय करून पुण्याला आला आणि टीव्हीच्या कारखान्यात टेस्टिंगला लागला. वीस वर्षं तिथे गेली. मग परदेशी कंपन्यांचे टीव्ही हप्त्यानं मिळू लागले आणि कारखान्यानं सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती कामगारांची. तेव्हापासून त्याला घरात बसवत नसे. जेवताना पाय हलायचा. फाट्यापर्यंत जाऊन तो उगाच परत यायचा. कॉम्प्युटरचा कोर्स केला, तिथे बरोबरीला विशीतली मुलं; प्रोग्राम लिहायला शिकला, पण पंचेचाळिशीच्या माणसाला ते विचारतंय कोण?

बायको मुक्ताई साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आगगाडी," ती म्हणाली. "खेळण्यातली."

"खेळण्यातली नव्हं गं. मॉडेल."

"अहो, सर्जेरावानं वारज्याला बिल्डरकडं शब्द टाकलाय. स्टोअरकीपर. साडेतीन हजार, एक तारखेपासून. तो माझा भाऊ असला तरी दुसऱ्यांदा शब्द टाकणार नाही."

"एक तारखेच्या आत माझं ठरतंय."

"मागल्या वेळी इन्व्हर्टरच्या धंद्याचंबी ठरत होतं."

सिमेंटच्या पोत्यांची मोजदाद करण्यात वाईट काही नाही, हे उत्तरेश्वरला कळत होतं. पण एकदा त्या गोदामात गेलो की हातातली सोल्डरिंग गन कायमची माळ्यावर जाणार, हेही त्याला कळत होतं. सर्जेरावानं निरोपाची मुदत सोमवार, एकतीस मार्चची दिली. आगट्यांकडचा शेवटचा रविवार त्याच्या आदल्या दिवशीचा.

नंबराची गोष्ट त्याला अवघड गेली नाही. कारखान्यात शेवटची चार वर्षं तो रिमोटच तपासत होता. रिमोटचं बटण दाबलं की एक आकडा हवेतून टीव्हीकडे जातो. इथे तो रुळांतून इंजिनाकडे जाणार, एवढाच फरक. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या तपकीर गल्लीतून पन्नास-साठ रुपयांच्या चिपा आणल्या, प्रोग्राम लिहिला, आणि हुकूम देणारं यंत्र एका जुन्या स्टॅबिलायझरच्या डब्यात बसवलं. नऊ दिवसांत दोन इंजिनं एकाच रुळावर एकमेकांना न विचारता चालू लागली. आगट्यांनी डब्यावरचा काटा पाहून विचारलं, "व्होल्टेज किती दाखवतंय?" म्हणजे ते खूश होते.

आवाजाचं तसं नव्हतं. वीस सेकंदांचा आवाज साठवणारी चिप मिळाली. भंगारातल्या मोबाइलचा नाण्याएवढा स्पीकर बारा रुपयांना मिळाला. पण त्यात भरायचा आवाज गल्लीत मिळत नव्हता. तेव्हा एका सकाळी उत्तरेश्वर टेपरेकॉर्डर घेऊन घोरपडीच्या रेल्वे फाटकाशी कोंडीरामांना भेटला.

कोंडीराम सडसडीत, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. सिग्नलकडे पाहून म्हणाले, "मालगाडी हाय. दहा मिनिटांत सुटंल. तयार राहा."

मालगाडी सुटली. जमीन थरथरली. उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी टेपरेकॉर्डर वर धरला होता. गाडी गेल्यावर दोघांनी कॅसेट मागे फिरवून ऐकली. इंजिन छान आलं होतं, पण त्याच्या तळाशी बायका टाळ्या वाजवून गात होत्या. मुक्ताईच्या हरिपाठाची जुनी कॅसेट त्यानं उचलून आणली होती आणि टेपरेकॉर्डर खालचं नीट पुसत नव्हता.

"इंजिनात भजनी मंडळ बसवलंया व्हय?" कोंडीराम म्हणाले. ते स्वतःच रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले, कोरी कॅसेट घेऊन आले. बत्तीस रुपये. उत्तरेश्वर खिशात हात घालू लागला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आवाज बरोबर निघाला की द्या. बिनकामाच्या आवाजाचं पैसं मी घेत न्हाई."

दुसरी गाडी यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात उत्तरेश्वर फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या वेळा गेला, की फाटकवाल्यानं त्याला हटकलं.

पहिली परीक्षा २३ मार्चच्या रविवारी झाली. त्या दिवशी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दुपारी रस्त्यांवर चिटपाखरू नव्हतं. आगट्यांना क्रिकेटचं वावडं. "आवाज ऐकायला पुण्यात एवढी शांतता पुन्हा चार वर्षांनी मिळेल," ते म्हणाले आणि पंखा बंद केला.

उत्तरेश्वरनं बटण फिरवलं. इंजिन हललं, वेग घेऊ लागलं, आणि वेगाबरोबर त्याच्या पोटातला आवाजही चढत गेला. हळू गाडी, हळू आवाज; जोरात गाडी, मोठा आवाज. चाकाला आवाज त्यानं काटेकोर बांधला होता. बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा आगट्यांनी टाळी वाजवली.

कोंडीराम डोळे मिटून ऐकत होते. गाडी तीन फेऱ्या फिरून थांबली.

"आवाज खरा हाय," ते म्हणाले. उत्तरेश्वरचा जीव भांड्यात पडतोय तोच पुढे म्हणाले, "गाडी खोटी हाय."

"म्हणजे?"

"गव्हाणे, तुमी कधी चाळीस वॅगन वडल्यात?"

"नाही."

"मी वडल्यात. हँडल पुढं घेतलं म्हंजे आधी इंजिन बोलतं. वरडतं, धूर सोडतं, आणि गाडी जागची हलत न्हाई. मग कुठं एकेक वॅगन वढ खात निघती. तुमची गाडी आधी पळती आन मग वरडती. चोराला कुत्रं चावल्यावाणी. आन एकदा वेग घेतला की हँडल माघारी. इंजिन गप. गाडी आपल्या जोरावर दोन-दोन मैल जाती. तुमचं इंजिन पळतंय तवर कोकलतंय. असं हाकलं असतं तर सायबानं मला घरी बसवलं असतं."

शेजारच्या बंगल्यातून ऑस्ट्रेलियाच्या षटकारावरचा हाहाकार ऐकू आला.

"म्हणजे नाही," आगटे म्हणाले.

"आज तरी न्हाई. रविवारी पुन्हा येतो."

तो आठवडा उत्तरेश्वरनं कसा काढला ते धायरीतल्या त्याच्या गल्लीनं पाहिलं. सकाळी सहाला तो रस्त्यावर, सातला घरात, आठला पुन्हा रस्त्यावर. चूक कुठे झाली ते त्याला जिना उतरतानाच कळलं होतं. टेस्टिंगच्या माणसाला वाटतं, इकडे बटण फिरलं की तिकडे त्याच क्षणी काटा हलला पाहिजे. नाही हलला तर माल बाद. वीस वर्षं त्यानं असेच टीव्ही बाद केले होते. आता त्यालाच सांगितलं जात होतं, की बटण फिरव आणि काही होऊ देऊ नकोस.

त्यानं आवाज चाकापासून तोडला आणि बटणाला बांधला. बटण फिरवलं की आवाज ताबडतोब, गाडी मागाहून. पण किती मागाहून? एक सेकंद ठेवला, तर खोटं वाटलं. दोन ठेवले. तीन ठेवले तेव्हा त्याच्याच्यानं बघवेना. स्वयंपाकघराच्या फरशीवर तीन फूट रूळ, त्यावर गर्जणारं इंजिन, आणि ते हलत नाही. दर वेळी त्याचा हात आपसूक बटणाकडे जायचा, आणखी फिरवायला. हात गेला की गाडी झटका खाऊन सुटायची.

गुरुवारी मुक्ताई भांडी धुता धुता हे पाहत उभी राहिली. इंजिन ओरडलं. हललं नाही. त्याचा हात निघाला.

"अहो, हात मागं घ्या की," ती म्हणाली. "येतीय ती."

त्यानं हात मांडीखाली घातला. गाडी आली.

"मला वाटलं बिघडली," मुक्ताई म्हणाली. मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केली. तिसऱ्यांदा तिनंच बटण फिरवलं. वारज्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पण शुक्रवारी सर्जेरावाचा फोन आला तेव्हा ती त्याला "सोमवारी सांगते" एवढंच म्हणाली.

३० मार्चला आगट्यांच्या वरच्या खोलीत पुन्हा पंखा बंद झाला. या वेळी उत्तरेश्वरनं हुकमाचा डबा कोंडीरामांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकला.

कोंडीरामांनी कप खाली ठेवला. बटण थोडं फिरवलं. इंजिन गरजलं. एक. दोन. तीन. मग पहिला डबा ओढला गेला, मागून दुसरा. कोंडीरामांचे खांदे नकळत पुढे झुकले. पुलावर गाडीनं वेग घेतला तसं त्यांनी बटण पूर्ण मागे आणलं. आवाज एकदम बसला आणि गाडी नुसत्या चाकांच्या खडखडाटावर वळण घेऊन गेली. त्यांनी लांबूनच स्टेशन पाहिलं, हळूहळू वेग मारला आणि फलाटाच्या टोकाशी गाडी उभी केली. बोटभरही इकडेतिकडे नाही.

"सुटती बरोबर," ते म्हणाले. "थांबती बरोबर."

कोंडीराम वाकून फलाटावरच्या इंजिनाला कान लावून ऐकत होते. मिनिट गेलं.

"उभी बरोबर न्हाई."

"कोंडीराम," आगटे म्हणाले, "पेन्शनर माणसानं इतकं खोलात जाऊ नये."

"उभं इंजिन असं एका तालात नसतं सायेब. ह्ये घड्याळ झालं. खरं इंजिन उभं ऱ्हायलं की मधी दम खातं, मधीच उचलतं, पुन्हा बसतं. त्याला उभं ऱ्हायाला आवडत न्हाई."

उत्तरेश्वरला कारण ठाऊक होतं. वीस सेकंदांतले उभ्या इंजिनाच्या वाट्याला चारच आले होते आणि तेच चार पुन्हा पुन्हा वाजत होते. दुसरी चिप घातली तर जमेल. पण दुसरी चिप दोनशे दहा रुपयांची, आणि बाराशेत ती बसत नव्हती. त्यानं तसं स्पष्ट सांगितलं.

"तर मग हो की नाही?" आगट्यांनी विचारलं.

कोंडीरामांनी कप पुन्हा उचलला. चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

"धावायला हो," ते म्हणाले.

आगट्यांनी दिवाणावरची वही ओढली आणि नावं लिहायला घेतली. पाडव्याला येणाऱ्या मंडळींची इंजिनं त्यांनी मोजली, ती एकोणतीस भरली. स्वतःची आठ आणि एक जादा. उत्तरेश्वरनं ॲडव्हान्सचे सहा हजार खिशात ठेवले आणि जिन्यात थांबून कोंडीरामांपुढे बत्तीस रुपये धरले.

कोंडीरामांनी नोटांकडे पाहिलंही नाही. "काय ठरलं हुतं?"

"आवाज बरोबर निघाला की."

"मग?"

सोमवारी सकाळी मुक्ताईनं सर्जेरावाला फोन केला आणि वारज्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. सर्जेराव काय म्हणाला ते तिनं उत्तरेश्वरला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. तो तेव्हा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, काउंटरवर बोटांनी ताल धरून नमुन्याचं एक इंजिन सोडून उरलेल्यांसाठी आवाजाच्या सदतीस चिपा मोजून घेत होता.

ती सगळी इंजिनं दिवाळीच्या आत झाली. नंतर बंगळूरहून विचारणा आली, नागपूरहून आली. दुसऱ्या चिपेचा भाव दोनशे दहावरून एकशे पंच्याऐंशीवर आला, पण बाराशेत ती अजून बसत नाही. उत्तरेश्वर दर महिन्याला गल्लीत भाव विचारतो आणि दर महिन्याला एक वेगळी जुळणी करून पाहतो. रविवारी कोंडीराम फलाटावरच्या इंजिनाला कान लावतात आणि मान हलवतात.

कॅसेटचे बत्तीस रुपये उत्तरेश्वर अजून कोंडीरामांना देणं लागतो.